पडदा न पडणारें नाटक

नाटक पाहून डोळ्यांत पाणी येणें ही गोष्ट नवी नाहीं. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सिंधूचे हाल पाहून महाराष्ट्रांतील किती पिढ्यांनीं पदर डोळ्यांस लावला असेल, त्याची गणती नाहीं. परंतु त्या नाटकाचा पडदा त्याच रात्रीं पडतो. प्रेक्षक घरीं परततो आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या उद्योगाला लागतो. उलटपक्षीं, ज्या नाटकाचा पडदा कधींच पडत नाहीं, ज्यांतील माणसें आठवड्यांतून अनेक वेळां आपल्या घरीं येतात, आणि तींही महिना-दोन महिने नव्हे, तर तीस-चाळीस वर्षें येत राहतात, त्या नाटकांतील एखादें माणूस मेलें, तुरुंगांत गेलें, अथवा त्याच्या हातून कांहीं भयंकर घडलें, तर पाहणाऱ्याच्या मनाचें काय होत असेल? इंग्लंडमध्यें दूरचित्रवाणीवर हा अनुभव साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तेथील प्रेक्षक या कथांना जो प्रतिसाद देत आले, त्याचा विचार करूं गेलें असतां समाजाच्या मनाविषयीं पुष्कळ बोध होतो.

या मालिकांना तिकडे ‘सोप ऑपेरा’ असें नांव आहे. सोप म्हणजे साबण आणि ऑपेरा म्हणजे संगीत नाटक. वस्तुतः यांत गाणेंही नसतें आणि साबणही नसतो. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील रेडिओवर दुपारच्या वेळीं गृहिणींसाठीं कौटुंबिक कथा क्रमशः सादर होत, आणि त्यांचा खर्च साबण बनविणारे कारखानदार आपल्या जाहिरातीसाठीं सोशीत. त्यावरून कोणीं थट्टेनें हें नांव ठेविलें आणि तेंच रूढ झालें. इंग्लंडांतील बी.बी.सी. जाहिराती घेत नाहीं. तरीही तिच्या मालिकांना लोक याच नांवानें ओळखतात.

इंग्लंडांत या प्रकाराचा पाया घातला तोही नभोवाणीनेंच. १ जानेवारी १९५१ पासून बी.बी.सी.ने ‘द आर्चर्स’ ही कथा देशभर ऐकविण्यास सुरुवात केली. अँब्रिज नांवाच्या कल्पित खेड्यांतील एका शेतकरी कुटुंबाची ती हकीकत. महायुद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, रेशनिंग उठलें नव्हतें. अशा वेळीं शेतकऱ्यांना सुधारलेल्या शेतीची माहिती गोष्टीच्या मिषानें मिळावी, असा तिचा एक हेतु होता आणि त्यासाठीं शेतकी खात्याचें साहाय्यही घेतलें जाई. २२ सप्टेंबर १९५५ च्या सायंकाळीं या कथेंतील ग्रेस आर्चर ही नवपरिणीत तरुणी, आग लागलेल्या तबेल्यांतून घोडा सोडविण्यासाठीं आंत शिरली आणि प्राणास मुकली. ऐकणाऱ्यांवर जणूं वीज कोसळली. बी.बी.सी.कडे दूरध्वनींची आणि पत्रांची रीघ लागली. कित्येकांनीं तर फुलें पाठविलीं. त्याच रात्रीं इंग्लंडांत पहिली व्यापारी दूरचित्रवाणी सुरू होत होती. तिच्यावरून लोकांचें लक्ष उडवावें म्हणूनच ग्रेसचा बळी दिला, असा संशय अनेकांनीं घेतला. तें कसेंही असो; जिचा जन्मच झाला नव्हता अशा स्त्रीच्या मृत्यूनें एक देश हळहळला, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानांत राहिली.

पुढें ९ डिसेंबर १९६० रोजीं ग्रॅनडा या दूरचित्रवाणी कंपनीनें मँचेस्टरहून ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ सुरू केली. तिचा जनक टोनी वॉरन हा त्या वेळीं अवघा चोवीस वर्षांचा होता. एक अरुंद गल्ली, एकमेकींस खेटून उभीं असलेलीं कामकऱ्यांचीं घरें, कोपऱ्यावर ‘रोव्हर्स रिटर्न’ नांवाचें मद्यगृह, आणि उंबऱ्यांत उभ्या राहून शेजारणीचें बरेंवाईट बोलणाऱ्या बायका, एवढ्या भांडवलावर ती उभी राहिली. पहिल्या भागांत केन बार्लो या विद्यार्थ्याचें काम विल्यम रोच यांनीं केलें. तेच नट तेंच काम करीत म्हातारे झाले. प्रेक्षकांनीं त्यांचे केस पिकतांना पाहिले. १९ फेब्रुवारी १९८५ रोजीं बी.बी.सी.ने लंडनच्या पूर्व भागांतील जीवनावर ‘ईस्टएंडर्स’ सुरू केली. ज्यूलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड हे तिचे निर्माते. १९८६ च्या नाताळच्या दिवशीं तिच्यांतील डेन या मद्यगृहाच्या मालकानें आपली पत्नी अँजी हिच्या हातांत घटस्फोटाचे कागद ठेविले. पुनःप्रक्षेपण धरून तो भाग ३ कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. त्या काळीं सबंध ब्रिटनची लोकसंख्या पावणेसहा कोटींच्या आसपास होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कथांचें बळ कळून येतें.

हें बळ येतें कोठून? पहिली गोष्ट म्हणजे नियमितपणा. ठरलेल्या वारीं, ठरलेल्या वेळीं तींच माणसें समोर येतात. दुसरी गोष्ट, त्यांचें पंचांग आणि प्रेक्षकांचें पंचांग एकच असतें. बाहेर नाताळ असला कीं कथेंतही नाताळ असतो. बाहेर थंडी पडली कीं त्या गल्लींतील लोकही कोट घालून हिंडतात. तिसरी गोष्ट, तीन-चार कुटुंबांच्या कथा वेणीसारख्या एकत्र गुंफलेल्या असतात. एक सुटली तरी दुसरी मध्यावर असते. आणि चौथी, प्रत्येक भाग ऐन मोक्याच्या क्षणीं थांबतो. ‘ईस्टएंडर्स’मध्यें त्या क्षणीं ढोलाचे ठोके पडतात आणि पाहणारा पुढील भागापर्यंत टांगलेला राहतो. कथा थांबलेल्या त्या मधल्या वेळांतच खरी चर्चा होते. कारखान्यांत, बसमध्यें, केशकर्तनालयांत लोक एकमेकांस विचारतात, ‘तिनें त्याला सांगावें कीं न सांगावें?’ या प्रश्नाचें उत्तर देतांना माणूस कथेविषयीं बोलत असला, तरी आपल्या घरांत काय क्षम्य आणि काय अक्षम्य, हें तो नकळत ठरवीत असतो.

डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं १९५६ सालींच या नात्याचें विवेचन केलें होतें. पडद्यावरील माणूस आपणांस ओळखत नाहीं, पण आपण त्याला जिवलगासारखें ओळखतों, असा हा एकतर्फी स्नेह. एकतर्फी असला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. ज्या वृद्धेच्या दारांत आठवडा आठवडा कोणी फिरकत नाहीं, तिला सायंकाळीं ओळखीची धून ऐकूं आली कीं घरांत माणसें आल्यासारखें वाटतें. तिला हंसणें सोपें आहे. तिच्याकडे जाऊन बसणें तितकें सोपें नाहीं.

आतां प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार शुद्ध शोकाचा. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मध्यें हिल्डा ऑग्डेन ही मद्यगृहाची झाडलोट करणारी, केसांत सदा कर्लर अडकविलेली, चुगलखोर आणि भांडकुदळ बाई होती. तिचा नवरा स्टॅन हा आळशी गृहस्थ. दोघांचें सारें आयुष्य खडाजंगींत गेलें. स्टॅनचें काम करणारे नट बर्नार्ड यूएन्स १९८४ च्या ऑगस्टमध्यें निवर्तले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कथेंत स्टॅनचाही मृत्यु दाखविण्यांत आला. अंत्यविधि झाल्यावर हिल्डा घरीं आली. इस्पितळानें दिलेलें स्टॅनच्या वस्तूंचें पुडकें तिनें सोडलें. त्यांत त्याचा चष्मा होता. तो हातांत घेऊन ती बाई रडूं लागली. भाषण नाहीं, आक्रोश नाहीं. जीन अलेक्झांडर या नटीनें केलेला तो प्रसंग आजही तेथील लोक विसरलेले नाहींत. त्याचें कारण उघड आहे. मागें राहिलेला चष्मा, काठी किंवा जोडा कोणत्या घरांत नसतो? लोक स्टॅनसाठीं रडले हें खरें. परंतु प्रत्येकाच्या हातांत त्या घटकेस आपल्याच घरांतील एखादी वस्तु होती.

दुसरा प्रकार अन्यायाविषयींच्या चिडीचा. १९९८ सालीं याच मालिकेंतील डेअर्ड्री ही भोळी स्त्री एका भामट्याच्या नादीं लागली. आपण वैमानिक आहों, अशी बतावणी त्यानें केली होती. त्याच्या लबाडीचें खापर तिच्या माथीं फुटलें आणि न्यायालयानें तिला अठरा महिन्यांची शिक्षा दिली. बस्स, देशभर गिल्ला झाला. वृत्तपत्रांनीं तिच्या सुटकेची मोहीम उघडली आणि खुद्द पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनींही विनोदानें या प्रकरणांत लक्ष घालण्याची भाषा केली. तीन आठवड्यांनीं कथेंत ती सुटली. यांत गंमतीचा भाग मोठा होता. तरी त्या गंमतीच्या तळाशीं एक साधी भावना होती: निरपराध माणूस तुरुंगांत असतांना आपण स्वस्थ बसूं नये. ही भावना कल्पित स्त्रीसाठीं जागी झाली म्हणून तिची किंमत कमी होत नाहीं. खऱ्या कैद्यांसाठीं ती तितक्या वेगानें जागी होत नाहीं, ही मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. त्यांत प्रेक्षकांचा राग कथेंतील दुष्टावर नसतो, कथा लिहिणाऱ्यांवर असतो. ३१ डिसेंबर २०१० च्या रात्रीं ‘ईस्टएंडर्स’मध्यें रॉनी या स्त्रीचें नवजात बालक झोपेंत अकस्मात् दगावलें. दुःखानें भान हरपून तिनें आपलें मृत मूल शेजारच्या कॅटच्या पाळण्यांत ठेविलें आणि कॅटचें जिवंत मूल उचलून आणिलें. बी.बी.सी.कडे हजारों तक्रारी आल्या. त्यांत ज्यांचीं मुलें अशीच गेलीं होतीं असे आईबापही होते. त्यांचें म्हणणें असें कीं, मूल गमावलेली आई शोकानें कोसळते, ती चोर होत नाहीं. आमच्या दुःखाला हें वेडेपणाचें रूप कां दिलें? अखेर बी.बी.सी.नें ही कथा योजिल्यापेक्षां लवकर आटोपती घेतली आणि एप्रिल २०११ मध्यें तें मूल आपल्या आईकडे परत गेलें.

या वादांत दोन्ही बाजूंना कांहीं म्हणणें होतें. लेखक म्हणूं शकतो कीं, नाटकांत अघटित घडावयाचेंच. सर्व माता अशा असतात असें कोणी म्हटलेलें नाहीं. परंतु मालिकेचा लेखक आणि एका रात्रीच्या नाटकाचा लेखक यांत मोठें अंतर आहे. नाट्यगृहांत माणूस तिकीट काढून, मनाची तयारी करून जातो. मालिका त्याच्या बैठकीच्या खोलींत येते, आणि शेजाऱ्याच्या विश्वासानें येते. ‘आम्ही तुमच्यासारखींच साधीं माणसें आहों’ असें जी कथा पंचवीस वर्षें सांगत आली, तिनें एके रात्रीं आईच्या दुःखाचा केवळ धक्क्यासाठीं उपयोग केला, असें पाहणाऱ्यांस वाटलें. तो त्यांना विश्वासघात वाटला.

हाच विश्वास नीट वापरला तर केवढें कार्य होतें, याचेंही उदाहरण आहे. २००१ सालीं ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मधील अल्मा ही लोकप्रिय स्त्री गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानें मरण पावली. तिनें वेळच्या वेळीं तपासणी करून घेतली नव्हती, हें कथेंत स्पष्ट केलें होतें. त्यानंतरच्या एकोणीस आठवड्यांत इंग्लंडच्या उत्तर-पश्चिम भागांत या तपासण्यांची संख्या सुमारें २१ टक्क्यांनीं वाढली. १४ हजारांहून अधिक तपासण्या जास्त झाल्या. कोणत्याही सरकारी पत्रकाला हें साधलें नसतें. तथापि अभ्यासकांनीं एक उणीवही दाखवून दिली. धांवत आलेल्यांपैकीं फार मोठा भाग मुळांतच नियमित तपासणी करवून घेणाऱ्या स्त्रियांचा होता. ज्यांची तपासणी खरोखर राहून गेली होती, अशा त्या मानानें थोड्याच आल्या. म्हणजे कथा भीति जागी करूं शकते, पण ती योग्य दारीं पोंचविण्याचें काम वैद्यांना आणि परिचारिकांनाच करावें लागतें.

दुसरें उदाहरण ‘ईस्टएंडर्स’मधील मार्क फाउलर याचें. आपल्या शरीरांत एच.आय.व्ही.चा संसर्ग असल्याचें त्यानें १९९१ सालीं उघड केलें. त्या काळीं हा संसर्ग म्हणजे तत्काळ मृत्यु आणि असा माणूस म्हणजे अस्पृश्य, अशी समजूत सर्वत्र होती. मार्क त्यानंतर सुमारें बारा वर्षें त्याच चौकांतील बाजारांत फळांची आणि भाजीची गाडी चालवीत प्रेक्षकांसमोर वावरला. त्यानें लग्नें केलीं, भांडणें केलीं, इतरांसारखाच जगला. या बारा वर्षांनीं जें शिकविलें, तें एका व्याख्यानानें शिकवितां आलें नसतें. कारण दीर्घ काळ हेंच या नाट्यप्रकाराचें खरें भांडवल आहे.

दीर्घ काळाचा असाच उपयोग नभोवाणीवरील ‘द आर्चर्स’नेंही केला. हेलन या सुशिक्षित स्त्रीचा नवरा रॉब तिला क्वचितच हात लावी. तो तिच्या कपड्यांना नांवें ठेवी, मैत्रिणींपासून तिला तोडी, पैसा आपल्या हातीं ठेवी, आणि तिचेंच डोकें ठिकाणावर नाहीं असें तिला गोड बोलून पटवी. हें दोन वर्षांहून अधिक काळ थेंब थेंब चाललें होतें. अनेक श्रोत्यांना तें ऐकवेना. कांहींनीं रेडिओ बंद केला. आणि कित्येक स्त्रियांना आपल्या संसारांत जें चाललें आहे त्याला नांव आहे, हें प्रथमच कळलें. अशा छळास इंग्लंड आणि वेल्समध्यें डिसेंबर २०१५ पासूनच कायद्यानें गुन्हा ठरविलें होतें. एप्रिल २०१६ मध्यें हेलनच्या हातून रॉबवर सुरीचा वार झाला आणि सप्टेंबरांत ती निर्दोष सुटली. दरम्यान एका श्रोत्यानें खऱ्या पीडित स्त्रियांसाठीं निधि उघडला आणि त्यांत १ लाख ७० हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ‘खोट्या माणसांसाठीं रडणारे लोक खऱ्यांना विसरतात’ असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो सर्वथा निराधार नाहीं. परंतु या प्रसंगीं खोट्या हेलनमुळेंच खऱ्या हेलनकडे लोकांची दृष्टि वळली.

अशा कथा सांगण्याचे कांहीं नियमही आतां तेथें पडून गेले आहेत. या मालिका रात्रीं ९ च्या आधीं, मुलें जागीं असतांना दाखविल्या जातात. म्हणून काय दाखवावें यास मर्यादा आहेत. दुखणें, छळ किंवा मानसिक आजार यांच्या कथा लिहितांना त्या त्या क्षेत्रांतील संस्थांचा सल्ला घेतला जातो, आणि भाग संपल्यावर मदत कोठें मिळेल तें सांगितलें जातें. मे २०१८ मध्यें ‘कॉरोनेशन स्ट्रीट’नें एडन या हंसतमुख, कर्त्या तरुणाची आत्महत्या कथेंत आणली. समॅरिटन्ससारख्या संस्थांच्या सल्ल्यानें ती लिहिली होती. मृत्यूचा प्रकार दाखविला नाहीं. दाखविलें तें मागें राहिलेल्या बापाचें दुःख, आणि ‘आम्हांस कळलें कसें नाहीं?’ हा सर्वांचा प्रश्न. अनेक घरांत त्या रात्रीं हा प्रश्न एकमेकांस विचारला गेला असेल, तर कथेचें सार्थक झालें म्हणावयाचें.

काळ आतां पालटला आहे. ३ कोटी प्रेक्षकांचे दिवस गेले. अनेक लोक सोयीच्या वेळीं, मोबाइलवर या कथा पाहतात. तरी जुनी जादू पुरती ओसरलेली नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें ‘ईस्टएंडर्स’ला चाळीस वर्षें झालीं. त्या निमित्त स्फोटानें मद्यगृह कोसळल्याचें दाखविलें, आणि २० फेब्रुवारीचा भाग चित्रित न करितां प्रत्यक्ष घडत असतांनाच प्रक्षेपित केला. डेनिस या स्त्रीनें पतीकडे परतावें कीं दुसऱ्याची निवड करावी, याचा कौल प्रेक्षकांकडून घेण्यांत आला. लोकांनीं पतीच्या, जॅकच्या, बाजूनें मत दिलें. परंतु त्या रात्रीचा खरा आघात निराळाच होता. ढिगाऱ्याखालीं सांपडलेला मार्टिन फाउलर मरण पावला. हा मार्टिन म्हणजे मार्कचा धाकटा भाऊ, आणि १९८५ सालीं या मालिकेंत जन्मलेलें पहिलें मूल. ज्या प्रेक्षकांनीं त्याचें बारसें पाहिलें, त्यांनींच चाळीस वर्षांनीं त्याचा अंत पाहिला. मधल्या काळांत त्याचें काम करणारे नट बदलले, हें ठाऊक असूनही लोकांना तो एकच माणूस वाटला.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. हिल्डाचा चष्मा, अल्माचें दुखणें, हेलनचा छळ आणि एडनचा मृत्यु यांवर लोकांचा जीव जडला, तो त्यांत त्यांनीं आपलें घर ओळखलें म्हणून; आणि रॉनीच्या कथेवर ते रागावले, तेही त्याच कारणानें. धक्का देणें सोपें आहे. स्फोट, अपघात, खून यांची योजना कोणीही करूं शकतो. परंतु प्रेक्षकांत असा कोणीतरी नेहमींच बसलेला असतो, कीं ज्याच्या घरांत ती गोष्ट खरोखर घडलेली आहे. त्याला कथा संपल्यावर उठून दिवा मालवावयाचा असतो आणि रात्र काढावयाची असते. लिहिणाऱ्यानें त्या एकाचें स्मरण ठेविलें तर तीच कथा त्याला सोबत करते.